केंद्र नको, पण माणूस पाठवा: तालुका वादविवाद स्पर्धेच्या आयोजकांना खुलं पत्र

माननीय आयोजक मंडळी आणि परीक्षक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी साक्री तालुक्यातला एक साधा कृषी केंद्रवाला, खतं-बियाणं-औषधं विकणारा माणूस. तुमच्या स्पर्धेला मागच्या रांगेत बसलो होतो, पुतण्याने भाग घेतला होता म्हणून (तो पहिल्याच फेरीत गारद झाला, त्याची काही तक्रार नाही, पाठांतरच कच्चं होतं त्याचं). पण तिथे जे ऐकलं ते डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि खुलं यासाठी की त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या वाजवणाऱ्या बाकीच्यांनीही वाचावं.

आधी कौतुक करतो. विषय एक नंबर निवडला तुम्ही. इतकी वर्षं आम्ही मोबाईल शाप की वरदान, शहर बरं की खेडं, हेच ऐकत आलोय आणि यंदा एकदम 'लहान देशाला स्वतःचं ध्रुवीय संशोधन केंद्र हवं का?' विषय वाचून दाखवला तेव्हा माझ्या शेजारच्या बाबांनी लगेच 'आपले काय करनं शे बरफनं' म्हणून घेतलंच, पण मला तर बरं वाटलं. ज्या भागात मे महिन्यात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही तिथल्या पोरांनी अंटार्क्टिकावर भांडावं, यात वावगं काय आहे?

आता मुद्दा. अकरावीतली एक मुलगी बोलली, तिला 'हवं' ही बाजू आली होती. ती म्हणाली की देशाची माणसं तिथे गेलीच पाहिजेत, स्वतःचं काही मोजमाप चालू पाहिजे, पण त्यासाठी स्वतःची बिल्डिंग बांधलीच पाहिजे असं काही नाही, दुसऱ्याच्या केंद्रात जागा घेऊनही काम होतं. तिला मध्येच थांबवून सांगितलं गेलं की बाजू एकच घ्यायची, धरसोड चालणार नाही, आणि तिचे मार्क गेले. नंबर आला तो तिरंगा, अभिमान, महासत्ता असं म्हणत टेबल बडवणाऱ्या मुलाचा. अहो पण विषय लहान देशांचा होता ना, भारत त्यात आला कुठून हे कोणीच विचारलं नाही! आणि शेवटी समारोपात एका परीक्षकांनी सांगितलं की ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एकदोन जिल्ह्यांएवढी त्यांनी असल्या भानगडीत पडूच नये, आधी गावाला प्यायचं पाणी द्यावं. टाळ्या कडाडल्या.

मला म्हणायचंय की त्या मुलीचं उत्तर धरसोडीचं नव्हतं, त्या हॉलमधलं सगळ्यात पक्कं उत्तर तेच होतं. मी असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर चहा घेऊन या आणि पुढे वाचा.

एकदोन जिल्ह्यांपासूनच सुरुवात करू. उरुग्वेची लोकसंख्या साधारण ३४-३५ लाख, म्हणजे एकट्या जळगाव जिल्ह्यापेक्षा कमी (२०११ च्या जनगणनेत जळगाव ४२ लाखांच्या वर होतं). या उरुग्वेचं अंटार्क्टिकात १९८४ पासून केंद्र आहे, आर्टिगास नावाचं. बल्गेरियाची माणसं खान्देशच्या तीन जिल्ह्यांच्या बेरजेपेक्षा कमीच भरतील, त्यांनी १९८८ मध्ये लिव्हिंग्स्टन बेटावर दोन खोपट्या उभ्या करून सुरुवात केली आणि आज तिथे त्यांचं नीट केंद्र आहे. चेक प्रजासत्ताक तर समुद्रच नसलेला देश, तरी जेम्स रॉस बेटावर त्यांचं मेंडेल केंद्र २००७ पासून चालू आहे आणि गंमत म्हणजे ते चालवतं कोण, तर ब्रनो शहरातलं एक विद्यापीठ. फक्त उन्हाळ्यात उघडतात, वीसेक माणसं राहतात, काम करतात, कुलूप लावून घरी. म्हणजे एकदोन जिल्ह्यांएवढ्या देशांनी भानगडीत पडू नये हे म्हणायला ठीक आहे, पण ते केव्हाच पडलेत आणि काही बुडालेबिडाले नाहीत.

मग त्या टेबल बडवणाऱ्याचंच बरोबर का, प्रत्येकाने आपापलं केंद्र बांधावं? तसंही नाही.

हे लोक तिथे जातात कशाला हे आधी बघा. विज्ञान तर आहेच, पण दुसरं एक कारण आहे जे त्या दिवशी एकाही स्पर्धकाच्या तोंडून आलं नाही. अंटार्क्टिका कोणाच्या मालकीचं नाही (सात देशांनी दावे सांगितलेत, पण ते गोठवून ठेवलेत), तिथला कारभार चालतो १९५९ च्या अंटार्क्टिक करारावर. बारा देशांनी सही केली होती, १९६१ पासून तो लागू झाला. नंतर कोणताही देश सही करून आत येऊ शकतो, पण सही केली म्हणून मत मिळत नाही, नुसतं बसून ऐकायचं. निर्णयात भाग हवा असेल तर तिथे ठोस संशोधन करून दाखवावं लागतं, तरच तुम्ही मताचे हक्कदार. असे हक्कदार देश आज २९ आहेत आणि निर्णय बहुमताने नाही, एकमताने होतात. म्हणजे बल्गेरियाने नाही म्हटलं तर अमेरिकेचंही अडतं! लहान देशाला जगात एवढं वजन आणखी कुठे मिळतं सांगा बरं. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने (तिथलं पर्यावरण जपायचा जोडकरार) तिथे खाणकामावर बंदी घातली, उद्या त्यात कोणी बदल करायला निघालं तर त्या टेबलावर कोण बसलंय याला किंमत येणार.

आता 'ठोस संशोधन' म्हणजे काय? करारातच उदाहरण दिलंय: केंद्र उभारणं किंवा शास्त्रीय मोहीम पाठवणं. 'किंवा' म्हटलंय. त्या मुलीचं म्हणणं अख्खं या 'किंवा'त बसतं, आणि तिला मार्क नाहीत.

आणि हे नुसतं कागदावर नाहीये. नेदरलँड्सला १९९० मध्ये मताचा अधिकार मिळाला, केंद्र नसताना. त्यांचे शास्त्रज्ञ पोलंडच्या केंद्रावर जाऊन काम करत होते. त्या लोकांनी ठरवून सांगितलं की तिथे आधीच एवढी केंद्रं आहेत, आणखी एक बांधून आपण बर्फ खराब करणार नाही. पुढे २०१३ मध्ये ब्रिटिशांच्या रोथेरा केंद्रात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा बसवली, ती पण कंटेनरमध्ये. मेस ब्रिटिशांची, धावपट्टी ब्रिटिशांची, डॉक्टर ब्रिटिशांचा, डच माणसं येतात, नमुने घेतात, कंटेनरमध्ये बसून तपासतात. परीक्षक महोदय, हे धरसोडीत येतं का?

बाकी देश सोडा, आपलंच बघा. आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून, आणि जानेवारी १९८२ मध्ये २१ माणसं बर्फावर उतरली. पाठोपाठ दुसरी मोहीम. १९ ऑगस्ट १९८३ ला आपण करारात गेलो आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे महिनाही झाला नाही, आपल्याला मताचा अधिकार मिळाला. दक्षिण गंगोत्री हे माणसं राहतील असं केंद्र कधी बांधलं? तिसऱ्या मोहिमेत, जी त्यानंतर डिसेंबरमध्ये निघाली. म्हणजे भारताला मत मिळालं ते बिल्डिंग दाखवून नाही, माणसं आणि मोहिमा दाखवून. (त्याच तिसऱ्या मोहिमेत सुदिप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत गेल्या, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ. मराठी शाळांच्या स्पर्धेत हे नाव एकदाही येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटलं.)

आणि त्या दक्षिण गंगोत्रीचं काय झालं हे तर मुलांना सांगाच. ते बांधलं होतं समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या तक्त्यावर. दरवर्षी वरून बर्फ पडतो, वारा तो आणून साचवतो, इमारत हळूहळू खाली जाते. पाचसहा वर्षांत ते केंद्र बर्फात गाडलं गेलं आणि १९९० च्या सुमाराला सोडून द्यावं लागलं. तोवर शिर्माकरच्या खडकाळ भागात मैत्री हे आपलं दुसरं केंद्र उभं झालं होतं, तळ्याकाठी, पक्क्या जमिनीवर, म्हणून ते टिकलं. आज त्यालाही पस्तीसहून जास्त वर्षं झाली, आता नवं मैत्री बांधायचं चाललंय. तिसरं भारती, २०१२ चं, लार्समन टेकड्यांवर, १३४ कंटेनर जोडून केलेलं. म्हणजे केंद्र बांधलं आणि फीत कापली की संपलं असं नसतं. बांधायला खर्च लागतो त्यापेक्षा चालवायला जास्त लागतो, डिझेल लागतं, जहाज लागतं (आपल्यासारखा एवढा मोठा देश अजून दुसऱ्याचं जहाज भाड्याने घेतो), केपटाऊनहून विमानं, वर्षभराचं धान्य, आणि कचरा? कचरा तिथे टाकायचा नाही, प्रोटोकॉलने परत न्यायचा. जुनी इमारत मोडली तर तीसुद्धा उचलून आणायची. नवं केंद्र बांधायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा मोठा अहवाल सगळ्या सदस्य देशांपुढे ठेवावा लागतो. ३५ लाखांच्या देशाला हे झेपवायचं म्हणजे घरातलं बाकी सगळं सांभाळून.

बेल्जियमचं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी आवडतं. त्यांनी १९५८ मध्ये केंद्र काढलं, १९६७ मध्ये बंद पडलं, मग चाळीसेक वर्षांनी, २००९ मध्ये प्रिन्सेस एलिझाबेथ नावाचं नवं काढलं, पूर्ण सौर आणि वाऱ्याच्या विजेवर चालेल असं, नऊ पवनचक्क्या लावून. आपल्या ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या बघत लहानाचं मोठं झालेल्या पोराला हे किती पटकन समजलं असतं, पण सांगायला कोणी नव्हतं. जागा पण त्यांनी विचार करून घेतली, जपानी आणि रशियन केंद्रांच्या मधला मोठा रिकामा पट्टा, जिथे कोणीच काही मोजत नव्हतं. इथपर्यंत उत्तम. आणि मग मालकी कोणाची, चालवायचं कोणी, यावरून तिथलं सरकार आणि बांधणारी संस्था यांच्यात काही वर्षं अशी जुंपली की कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडच्या पतपेढीत होतं अगदी तसंच.

उलट अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर जा. एकाच टोकाला रशिया, चिली, चीन, उरुग्वे, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर चार देशांची केंद्रं. सगळे तेच हवामान मोजतायत. तिथे पाचवं केंद्र टाकून लहान देशाला फोटोशिवाय काय मिळेल, मला तरी सुचत नाही.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी एवढं लिहितोय. ध्रुवावर कामाचं काय असतं? सलग मोजत राहणं. ब्रिटिशांच्या हॅली केंद्रावर १९५७ च्या आसपासपासून ओझोन मोजत होते, रोजचं कंटाळवाणं काम, वीस-पंचवीस वर्षं काही विशेष नाही, आणि मग आकडे घसरताना दिसले. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी ते छापलं, ओझोनचं भोक जगाला कळलं, दोन वर्षांत ओझोन खाणाऱ्या रसायनांना लगाम घालणारा माँट्रियल करार झाला. पंचवीस वर्षांची वही नसती तर पंचविसाव्या वर्षीचा आकडा बघून कोणाला काय कळलं असतं?

त्या पेपरमध्ये आणखी एका ब्रिटिश केंद्राचे आकडे होते, ज्याचं नाव पुढे फॅरेडे पडलं. १९४७ पासून तिथे हवामान मोजलं जात होतं. ब्रिटिशांना ते नकोसं झालं, मोडून न्यायचं तर प्रचंड खर्च, आणि तिकडे सोव्हिएत युनियन फुटल्यावर सगळी केंद्रं रशियाकडे गेली होती, युक्रेनकडे ध्रुवावर काम केलेली माणसं होती पण पाय ठेवायला जागा नव्हती. तर १९९६ मध्ये ब्रिटनने ते केंद्र युक्रेनला विकलं, एक पौंडात. हो, एक पौंड! अट काय, तर मोजमाप चालू ठेवायचं. खिशात दमडी नसलेल्या देशाने ते चालू ठेवलं, २००४ मध्ये मताचा अधिकार मिळवला, आणि घरी युद्ध पेटलेलं असतानाही त्याच केंद्रावरची (आता नाव व्हर्नाड्स्की) माणसं आकडे लिहितायत. रोमानियालाही ऑस्ट्रेलियाने आपला एक जुना तळ असाच देऊन टाकला, आपल्या भारतीच्या शेजारीच आहे तो.

आणि अजिबातच केंद्र नसलेल्यांचंही सांगतो. स्वित्झर्लंडचं अंटार्क्टिकात केंद्र नाही. पण बर्फात अडकलेली जुनी हवा बाहेर काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा यात बर्नच्या विद्यापीठातल्या लोकांचा हात धरणारं कोणी नाही. युरोपातल्या दहा देशांनी मिळून अंटार्क्टिकात तीन किलोमीटरहून जास्त खोल भोक पाडलं, बर्फाचा दांडा काढला, आणि आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा मोजण्यात बर्नवाले सगळ्यात पुढे होते. पण त्यांनी मताच्या हक्काची पायरी काही चढलेली नाही, हेही खरंय. म्हणजे डोकं आहे, खुर्ची नाही. नेदरलँड्सकडे दोन्ही. म्हणून मी म्हणतो माणूस पाठवा, मोहीम पाठवा, नुसते नमुने घरी मागवून भागत नाही.

आता पाण्याचा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मी तो हसण्यावारी नेत नाही. आमच्या मंडळातलं हवामान यंत्र किती वेळा झोपलेलं असतं, शेजारच्या शिवारात ढगफुटी आणि कागदावर शून्य, फळपीक विम्याच्या वेळी शेतकरी दुकानात येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसतो, हे मी रोज बघतो. तेव्हा 'गावातलं यंत्र चालत नाही आणि चालले ध्रुवावर' हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण दोन्हीचं दुखणं एकच आहे ना, कोणीतरी नीट, न चुकता, वर्षानुवर्षं मोजायला पाहिजे. गावातलं यंत्र बंद आहे ते ध्रुवावर पैसे गेले म्हणून नाही, त्याच्याकडे बघायला माणूस नाही म्हणून.

आणि आपलं पाणी येतं कुठून? १८९९ च्या मोठ्या दुष्काळानंतर गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला, १९०४ ते १९२४. आपल्या पावसाचा अंदाज बांधायला हा माणूस आकडे कुठले घ्यायचा? हिमालयातला बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशस, झांझिबार. लोक हसले असतील, की पाऊस आमच्या पांझऱ्याच्या खोऱ्यात पडायचा आणि साहेब दाब बघतोय चिलीतला. पण त्याच धडपडीतून त्याला प्रशांत महासागरावरचा तो दाबाचा झोका सापडला ज्याला आपण आज एल निनोच्या बातम्यांत ऐकतो. आता गोव्याच्या वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ म्हणतायत की उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि आपल्याकडे सप्टेंबरात पडणारा धो धो पाऊस यांचा संबंध दिसतो. संबंध दिसतो एवढंच, शिक्का बसलेला नाही. पण सप्टेंबरात कपाशी-मका भिजून सडलेल्या माणसाला हे जाणून घ्यायचा हक्क आहे का नाही?

बरं, त्या उत्तर ध्रुवाकडे आपलं केंद्र आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंद गावात, २००८ पासून, हिमाद्री नाव. ते आपण बांधलेलंच नाही, भाड्याचं घर आहे! ते गाव आधी कोळशाच्या खाणीचं, १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली, खाण बंद झाली, आणि नॉर्वे सरकारच्या कंपनीने तीच घरं पुढे वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांना भाड्याने दिली. मेस एक, धक्का एक, दुकान एक, दहा देश नांदतायत. आणि हिमालयात स्पितीमध्ये २०१६ पासून हिमांश म्हणून आपलं केंद्र आहे, चार हजार मीटरच्या वर, हिमनद्या मोजायला. लहान देशासाठी मला तर हे न्यू-ओलेसुंदचं मॉडेल सगळ्यात पटतं.

हे आपल्या लोकांना परकं वाटायचं कारणच नाही, कारण पांझऱ्याच्या काठी पिंपळनेर-सामोडे पट्ट्यात आपले पूर्वज काही शतकं हेच करत आलेत. फड बागायत. नदीवर एक बंधारा, त्यातून निघालेला एक पाट, पुढे चाऱ्या, आणि खालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, उसाचा फड तर उसाचा, गव्हाचा तर गव्हाचा. पाणी कोणी स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही, पाटकरी देईल तेव्हा देईल तेवढं. अर्धा एकरवाल्याने स्वतःचा बंधारा बांधावा असं आजपर्यंत कोणी म्हटलं नाही. पण पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायचा दिवस आला की ज्याला त्याला फावडं-टोपलं घेऊन यावंच लागतं. घरात माणूस नसेल तर मजूर लावून पाठवायचा, पण पाठवायचा. आजोबा सांगायचे, गाळ काढायला न आलेला माणूस बैठकीत तोंड उघडायला लागला की बाकीचे नुसते त्याच्या टोपल्याकडे बघायचे, की कुठे आहे तुझं टोपलं. अंटार्क्टिक करारातल्या मताच्या हक्काचा नियम यापेक्षा वेगळा काय आहे मला सांगा.

एक जागा अशी आहे जिथे मलाही उत्तर सुचत नाही आणि ते मी लपवत नाही. मालदीव, तुवालू असले देश. समुद्रसपाटीपासून दीड-दोन मीटर वर. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र ५०-६० मीटर वर जातील, ते काही उद्या होत नाहीये, पण त्यातला चिमूटभर वितळला तरी यांचा देश नकाशावरून जाईल. आणि हे देश त्या करारात नाहीतच. ज्याचं घर बुडणार तो बैठकीला नाही. त्यांनी केंद्र बांधावं असं म्हणणं म्हणजे थट्टा झाली, पण त्यांची दोन पोरं-पोरी दरवर्षी कोणाच्या तरी केंद्रावर जाऊन, बर्फ किती सरकला ते स्वतःच्या डोळ्याने मोजून, घरी येऊन आपल्या भाषेत सांगतील एवढं तर करता येईल की नाही? भारताने आपल्या भारतीत त्यांच्यासाठी दोन बेड राखून ठेवले तर आपलं काय जाणार आहे? हा प्रश्न खरं तर तुमच्या स्पर्धेत कोणीतरी उचलायला हवा होता.

तर आता मागणी. निकाल बदला असं मी म्हणत नाही, ढाल त्या मुलाच्या घरी गेलीय, फोटो लागलेत, कशाला त्याचा हिरमोड. पण जिल्ह्याच्या फेरीला विषय हाच राहणार आहे असं कळलं. तर त्यात शब्द बदला. 'हवं का' असं विचारलं की पोरं झेंडा काढतात नाहीतर पाण्याचा हंडा काढतात. त्याऐवजी 'लहान देशाने ध्रुवावर स्वतःचं केंद्र बांधावं की दुसऱ्याच्या केंद्रात आपली माणसं पाठवावीत' असं ठेवा, मग दोन्ही बाजूंना अभ्यास करावा लागेल. बाजू एकच घ्या हा नियम राहू द्या, पण मधला रस्ता पुराव्यासकट मांडणाऱ्याला पाच मार्क वेगळे ठेवा. आणि त्या मुलीला जिल्ह्याला पाहुणी वक्ता म्हणून दहा मिनिटं द्या, मला खात्री आहे ती नेदरलँड्सचं उदाहरण शोधून आणेल, आणायला मी मदतही करीन.

शाळांना आधी थोडं वाचायला द्या हो, नुसता विषय फेकून काय उपयोग. अंटार्क्टिका आणि स्वालबार्डचा मोठा नकाशा, कराराची मराठीत चार पानं, मोहिमांची माहिती, एवढं झेरॉक्स करून तालुक्यातल्या सगळ्या शाळांना वाटायचा जो खर्च येईल तो माझ्या दुकानावर लावा. बिल मात्र पक्कं आणा आणि सोमवारी येऊ नका, त्या दिवशी दुकान बंद असतं.

कळावे,
मागच्या रांगेतला एक कृषी केंद्रवाला
ता. साक्री, जि. धुळे